क्लार्कच्या आधी ग्रँट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क हिच्यावर आलेला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडला म्हणून, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पस्तीस वर्षं कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालिका म्हणून काढल्यावर स्कोअरशीट तपासायची खोड जात नाही. लेखात एक चूक आहे आणि एक माणूस, डॉ. क्रिस्टीन ग्रँट, गाळलं गेलंय. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून पत्र लांबणार. काटछाट करायची झालीच तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा, ग्रँटबाईंचा ठेवा.

आधी चूक. आपल्या लेखकाने लिहिलंय की १५ फेब्रुवारी २०२४ रोजी क्लार्कने केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा विक्रम मोडला आणि ती अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये आजवर सर्वाधिक गुण करणारी मुलगी ठरली. पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. त्या दिवशी कॅन्सस विद्यापीठाची लिनेट वूडर्ड तिच्या पुढेच होती. वूडर्डचे गुण ३,६४९. तेही तीन गुणांची रेघ (जिच्या बाहेरून टाकलेल्या चेंडूला दोनऐवजी तीन गुण) मैदानावर नव्हती तेव्हा, आणि मुलांच्या मापाचा मोठा चेंडू हातात घेऊन. मुलींसाठी लहान चेंडू नंतर आला. क्लार्कने तिला मागे टाकलं ते दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला. आणि दक्षिण कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन या छोट्या कॉलेजची पर्ल मूर तर ४,०६१ वर आहे. त्यातले काही गुण तिने आधीच्या ज्युनिअर कॉलेजात केलेले, हेही सांगायला हवं, नाहीतर माझीच स्कोअरशीट खोटी व्हायची. क्लार्क ३,९५१ वर थांबली.

मग आपल्या लेखकाला वूडर्ड आणि मूर का दिसल्या नाहीत? त्यांचा दोष नाही. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ चालवणारी मोठी संघटना, तिच्या वहीतच या दोघी नाहीत. त्या खेळत होत्या तेव्हा एनसीएए मुलींच्या स्पर्धा घेतच नव्हती. त्या घेत होती एआयएडब्ल्यू नावाची बायकांनी स्थापन केलेली, बायकांनी चालवलेली संघटना. १९८१ मध्ये एनसीएएने ठरवलं की मुलींच्या वरच्या गटाच्या अजिंक्यपद स्पर्धाही आता आपणच घ्यायच्या. वेगळी वर्गणी नको, संघांचा येण्याजाण्याचा खर्च आम्ही देतो, टीव्ही आमच्याकडे आहेच. दीड-दोन वर्षांत एआयएडब्ल्यूचं दुकान बंद झालं. त्यांनी कोर्टात दाद मागितली, तिथेही हरल्या. संघटना बुडाली तशी तिची दप्तरंही विस्मरणात गेली, आणि त्या दप्तरात वूडर्डचे ३,६४९ होते.

१९८०-८१ मध्ये, म्हणजे ऐन पडझडीच्या वर्षी, त्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या डॉ. क्रिस्टीन ग्रँट. त्याच वेळी त्या आयोवा विद्यापीठाच्या महिला क्रीडा विभागाच्या संचालिका होत्या. म्हणजे क्लार्क ज्या विद्यापीठात घडली, त्याच विद्यापीठाच्या. आपल्या पानभर लेखात त्यांचं नाव एकदाही नाही.

मला हे कसं कळलं तेही सांगते. २०२३ मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी मी आयोवा सिटीला सहा महिने होते. जावई तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला. १५ ऑक्टोबरला तो म्हणाला, आई, तुम्ही खेळाच्या मॅडम, चला. गेलो तर किनिक नावाचं फुटबॉलचं उघडं स्टेडियम आणि मधोमध गवतावर लाकडी बास्केटबॉल कोर्ट अंथरलेलं! वारा असा की हातातला कागद राहीना. मैत्रीपूर्ण सामना, गुणतक्त्यात न धरला जाणारा, आयोवा विरुद्ध डीपॉल. आणि माणसं किती? ५५,६४६. मुलींच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी जगात कुठे झाली नव्हती. क्लार्कने ३४ गुण, ११ रिबाउंड, १० असिस्ट केले. तिचे लांबचे चेंडू वाऱ्याने वळत होते आणि ती हसत होती. जमलेला पैसा शेजारच्याच लहान मुलांच्या हॉस्पिटलला गेला. माझी शाल डोक्यावरून घट्ट बांधलेली, आणि मी काय बघत होते? खेळ कमी, व्यवस्था जास्त. दारावर किती माणसं, स्वच्छतागृहांच्या रांगा, बायकांची रांग किती लांब, पाणी कुठे. पस्तीस वर्षं स्पर्धा भरवणाऱ्या बाईला मैदान असंच दिसतं.

माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेली एक आजी बसली होती. गुडघ्यावर पांघरूण, पिशवीत सँडविच. माझं मोडकं इंग्रजी तिला कळत होतं, तिचं मला अर्धं. तिने सांगितलं की ती शाळेत असताना आयोवात मुली सहा-सहा जणींचं बास्केटबॉल खेळत. तिघी एका अर्ध्यात, तिघी दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदा टप्पी पाडला की पास करायचा. मुलींना संपूर्ण मैदान धावणं झेपणार नाही, अशी मूळची समजूत. गंमत अशी की त्या खेळावर तिथल्या लोकांचा अतोनात जीव, शाळांच्या राज्य स्पर्धेला ही गर्दी. शेवटची सहा-सहांची राज्य स्पर्धा १९९३ मध्ये झाली. मला हसू आलं. आमच्या कबड्डीत अजूनही मुलांचं मैदान तेरा बाय दहा मीटर आणि मुलींचं बारा बाय आठ. आम्ही खेळत होतो तेव्हाही विचारायचो, का? मास्तर म्हणायचे, नियम आहे.

आजी म्हणाली, १९८५ मधल्या आयोवाच्या त्या गर्दीच्या मॅचलाही मी होते, जिन्यावर बसून बघितली. आणि मग पहिल्यांदा तिच्या तोंडून ग्रँट हे नाव ऐकलं. नातीला ढकलगाडीत घालून मी सकाळी ज्या मैदानाकडे फिरायला जायचे, त्यावर 'ग्रँट फील्ड' का लिहिलंय ते उलगडलं. हॉकीचं मैदान आहे ते.

ग्रँटबाई मूळच्या स्कॉटलंडच्या. जन्म १९३६. हॉकीच्या खेळाडू आणि शिक्षिका, आधी कॅनडात गेल्या, तिथून १९६९ मध्ये शिकायला आयोवात. १९७३ मध्ये विद्यापीठाने महिला क्रीडा विभाग वेगळा काढला आणि त्याची सूत्रं त्यांच्या हाती दिली. डॉक्टरेट त्यानंतर वर्षाने झाली. म्हणजे प्रबंध आणि विभाग दोन्ही एकाच टेबलावर. आदल्याच वर्षी, २३ जून १९७२ ला, अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला होता. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री किंवा पुरुष म्हणून भेदभाव करायचा नाही, एवढंच त्यात म्हटलंय, इंग्रजीत सदतीस शब्द. खेळाचा उल्लेखही नाही. त्या सदतीस शब्दांतून हॉकी स्टिक, बस, कोच आणि टॉवेल काढणं हे संचालिकेचं काम. त्या सत्तावीस वर्षं ते करत राहिल्या, २००० मध्ये निवृत्त झाल्या. बारा खेळांचे संघ, आयोवा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या 'बिग टेन'ची सत्तावीस विजेतेपदं, १९८६ मध्ये हॉकीचं राष्ट्रीय अजिंक्यपद. मधल्या काळात वॉशिंग्टनला जाऊन संसदेच्या समित्यांपुढे कित्येकदा साक्षी. कारण कायदा झाल्याबरोबर तो कापायलाही लोक बसले होते. १९७४ मध्ये टॉवर नावाच्या सिनेटरने दुरुस्ती आणली की पैसा मिळवून देणारे खेळ, म्हणजे मुख्यतः फुटबॉल, या कायद्यातून वगळा. टिकली नाही. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाने कायदा जवळजवळ लुळा झाला, तो १९८८ मध्ये नव्या कायद्याने पुन्हा उभा राहिला. मधली चार वर्षं विभाग चालवणारीने काय केलं असेल, हे ज्यांनी कधी जिमखान्याचं बजेट मांडलंय त्यांनाच कळेल.

संचालक म्हणजे काय, हे मला त्यांच्या एका नेमणुकीतून जास्त कळलं. १९८३ मध्ये त्यांनी व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना बास्केटबॉलच्या कोच म्हणून आणलं. स्ट्रिंगर म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं चेनी स्टेट हे कृष्णवर्णीयांचं छोटं कॉलेज १९८२ मध्ये थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेणारी बाई. तिची लहान मुलगी मेंदूज्वरानंतर कायमची अपंग झाली होती, आणि आयोवाचं विद्यापीठ हॉस्पिटल चांगलं, हे त्या कुटुंबाच्या निर्णयातलं एक मोठं कारण. कोच निवडताना तिच्या घरी काय चाललंय हे विचारात घेणारा वरिष्ठ आपल्याकडे किती जणांना भेटतो? आमच्याकडे मुलाखतीत मला एकच घरगुती प्रश्न विचारला होता: लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?

दोन वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९८५ ला, ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याला आयोवाच्या कार्व्हर-हॉकआय अरीनात २२,१५७ माणसं आली. जागा साधारण साडेपंधरा हजारांची. उरलेले जिन्यांत, वाटांत, शेजारच्या आजीसारखे. अग्निशमनवाल्यांनी नंतर कानउघाडणी केली, असं ती आजी मोठ्या अभिमानाने सांगत होती. आयोवा तो सामना हरलं. पण त्या दिवसानंतर 'मुलींचा खेळ बघायला येतं कोण' हे वाक्य त्या विद्यापीठात कुणाला उच्चारता आलं नाही. गर्दी क्लार्कने जमवली हे खरं; पण ती जमू शकते याचा कागद ग्रँटबाईंनी अडतीस वर्षं आधी करून ठेवला होता.

आता माझं. कापायचं तर इथून.

१९८४ मध्ये मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात लागले. माझ्याआधी त्या खुर्चीत बाई बसली नव्हती. नेमणूकपत्रावर 'शारीरिक शिक्षण संचालक', प्रत्यक्षात 'पी.टी.च्या मॅडम'. मुख्य कामं कोणती? पंधरा ऑगस्टचं संचलन, गॅदरिंगला शिस्त, परीक्षेला सुपरव्हिजन, आणि मंत्री आले की मैदानावर फक्की मारून घेणं. जिमखान्याच्या किल्ल्या माझ्या आधीपासून असलेल्या शिपाईमामांकडे. ते जेवायला गेले की संचालिकेला चेंडू मिळत नसे.

१९८७ मध्ये आमच्या मुलींनी खो-खोत विभागीय स्पर्धा जिंकली. आंतरविभागीय कोल्हापूरला. बारा मुली, मी, दोन दिवस. ॲडव्हान्स मागायला गेले तर हेडक्लार्कनी जिमखाना खातं माझ्यापुढे उघडून धरलं: शिल्लक नाही. मुलांचं क्रिकेटचं किट नुकतंच घेतलं होतं, तीन कोटेशनं जोडून, व्यवस्थित. "मॅडम, मुलींचं पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी त्यातल्या पाच जणींची लग्नं झाली असती, हे त्यांनाही माहीत होतं. मी पदरचे पैसे घातले. आम्ही एसटीने गेलो, एका शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलो, कपडे बदलायला दोघी-दोघी चादर धरून उभ्या राहायच्या. उपान्त्य फेरीत हरलो. माझे पैसे परत मिळाले अकरा महिन्यांनी, तेही व्हाउचरवर दोनदा सही करून.

कोल्हापूरहून आल्या दिवशी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे मुलं, उजवीकडे मुली. कुणाला दाखवायची म्हणून नव्हे, संताप कुठेतरी ठेवायचा म्हणून. पहिल्या वर्षी शंभरातले अकरा रुपये उजवीकडे गेले होते. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की पैसा हा एकच रकाना नाही. बरोबर कोण गेलं? राहायला कुठे दिलं? कपडे बदलायला खोली होती का? दुखापत झाली तर डॉक्टरचं बिल कुणी दिलं? फळ्यावर अभिनंदन लागलं का, आणि पेपरात बातमी कुणाची दिली? असे रकाने वाढत गेले.

त्यातला सर्वांत नडणारा रकाना होता मैदानाच्या वेळेचा. मुलींना मैदान संध्याकाळी पाच ते सहा. कागदावर मुलांइतकाच एक तास, समसमान! पण माझ्या निम्म्याहून जास्त मुली वाड्यावस्त्यांवरच्या, आणि त्यांची शेवटची एसटी पाच वीसला. म्हणजे तास होता तो वीस मिनिटांचा, त्यातली दहा बूट घालण्यात. मी अर्ज केला: मुलींना तीन ते सव्वाचार द्या. क्रिकेटच्या सरांची हरकत. ती मिटवली तर सायन्सच्या मुलींची प्रॅक्टिकलं दुपारी. मग केमिस्ट्रीच्या विभागप्रमुखांकडे गेले, बॅचेस बदलून द्या म्हणून. ते भले गृहस्थ, पण टाइमटेबल कमिटी जूनमध्येच बसते. एवढ्या एका तासासाठी दीड वर्ष गेलं. हल्ली व्याख्यानांतून 'नेतृत्व' हा शब्द फार ऐकू येतो. माझ्या डोळ्यांपुढे केमिस्ट्रीच्या लॅबबाहेरचा तो बाक येतो, ज्यावर मी बॅच सुटायची वाट बघत बसायची. वेळ बदलली त्या वर्षी मुलींच्या हजेरीपटावर नावं दुपटीपेक्षा जास्त झाली. खेळाची आवड अचानक वाढली नव्हती. एसटी मिळू लागली होती.

आयोवा सिटीत जावयाने विद्यापीठाच्या लायब्ररीतून मला टायटल नाइनचे १९७५ चे नियम काढून दिले. खेळात समान संधी दिली की नाही हे कशावरून ठरवायचं, त्याची त्यात दहा कलमी यादी आहे. मी चष्मा लावून वाचत गेले. साहित्य. प्रवास आणि दैनिक भत्ता. कोच आणि त्यांचा पगार. कपडे बदलायच्या खोल्या. औषधोपचार. राहणं-जेवण. प्रसिद्धी. आणि तिसऱ्या क्रमांकावर: सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा. सरावाच्या वेळा! मी वाचायची थांबले. माझी वही इथे कपाटात, आणि तिचे रकाने तिथे सरकारी छापील कागदावर, माझ्या वहीच्या बारा वर्षं आधीचे. मुलीला वाटलं मला बरं वाटत नाही.

फरक एवढाच की ग्रँटबाईंच्या यादीमागे कायदा होता आणि माझ्या यादीमागे मी.

म्हणून त्यांचं सगळं गोड होतं असंही नाही, आणि त्यांच्या देवळात घंटा वाजवायला मी हे लिहीत नाही. मुलींचा विभाग वेगळाच हवा, आपला पैसा, आपली माणसं, आपले नियम, हा त्यांचा आग्रह. पुष्कळांना तो एककल्ली वाटे. शिवाय तिकडचा सगळा डोलारा फुटबॉल आणि टीव्हीच्या पैशावर, तो आपल्याकडे कुठून येणार? पण वेगळेपणाबद्दल मला तरी वाटतं बाई चुकल्या नव्हत्या. कायदा आला तेव्हा मुलींच्या दहांतल्या नऊ संघांना बायका शिकवत होत्या. मुलींच्या खेळात पैसा आणि पगार आले, तसे पुरुष अर्जदारही आले. आज बायकांचं प्रमाण निम्म्याहून खाली आहे. संचालकांच्या खुर्च्यांचं तेच. विभाग एकत्र करायचे म्हटलं की वरची खुर्ची एकच उरते, आणि तिच्यावर कोण बसतं हे आपल्याला सांगायला नको.

आयोवातही तसंच झालं. २००० मध्ये ग्रँटबाई निवृत्त झाल्या आणि विभाग एकत्र होऊन मुलांच्या संचालकांकडे गेला. त्याच वर्षी लिसा ब्लूडर कोच म्हणून आल्या, ज्यांनी पुढे क्लार्कला घडवलं, ही एक चांगली गोष्ट. बाकीचं असं: २०१४ मध्ये हॉकीच्या यशस्वी महिला कोचला काढलं, तिच्या जोडीदार, ज्या विभागातल्या सर्वांत वरच्या महिला अधिकारी होत्या, त्या कोर्टात गेल्या. मे २०१७ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने १४ लाख ३० हजार डॉलरचा निकाल दिला, आणि विद्यापीठाने दोघींशी मिळून ६५ लाख डॉलरवर तडजोड केली. २०२० मध्ये करोनाच्या तोट्याचं कारण देऊन चार संघ बंद केले, त्यात मुलींचं जलतरण होतं. मुली कोर्टात गेल्या आणि जलतरण परत आलं. शिवाय मुलींची कुस्ती सुरू झाली! कोल्हापूर-सातारच्या वाचकांनी हे मुद्दाम ऐकावं: डॅन गेबलसारखा ऑलिंपिक विजेता ज्या विद्यापीठाचा कुस्ती प्रशिक्षक होता, पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं ज्याने दिली, तिथे मुलींचा कुस्तीसंघ जाहीर व्हायला २०२१ उजाडावं लागलं, आणि तेही खटल्याच्या धक्क्याने. त्या मुलींनी पहिल्याच हंगामात, २०२४ मध्ये, राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. त्याच जानेवारीत बेथ गेट्झ या बाई संपूर्ण क्रीडा विभागाच्या संचालक झाल्या. ग्रँटबाई ३१ डिसेंबर २०२१ ला गेल्या. त्यांना यातलं फार थोडं बघायला मिळालं; किनिकची गर्दी नाहीच.

आता आपल्याकडचं. तक्रार करायची सवय लागलीय असं मुलगी म्हणते, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हेल्सिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांच्या पाठीशी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर स्वतःचं घर गहाण टाकून उभे राहिले, ही गोष्ट आपण दर क्रीडा दिनाला सांगतो आणि टाळ्या वाजवतो. मला ती ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं, घर गहाण टाकायची पाळी का आली? जिमखान्याचं खातं कुठे होतं? मोठ्या मनाच्या माणसांवर खेळ चालवायचा हीच आपली पद्धत पडून गेलीय. मी २०१९ मध्ये निवृत्त झाले. माझी जागा अजून भरलेली नाही. भूगोलाचे एक प्राध्यापक 'अतिरिक्त कार्यभार' बघतात. सज्जन आहेत, मला फोन करून विचारतात, मॅडम, खो-खोचे खांब कुठल्या दुकानातून घ्यायचे. नव्या शैक्षणिक धोरणात खेळाला क्रेडिट आलंय, त्याची फाइल ते चोख ठेवतात. मैदानावर मात्र मागच्या दिवाळीत एका लग्नाचा मांडव होता.

गेल्या महिन्यात त्यांनी मुलींच्या सरावाची वेळ पुन्हा पाचची केलीय. मी विचारलं तर म्हणाले, मॅडम, आता बऱ्याच मुलींकडे स्कूटी आहे. सगळ्यांकडे आहे का, असं विचारल्यावर गप्प झाले. मी वही शोधून काढलीय. रकान्यांची पानं झेरॉक्स करून त्यांना पाठवणार आहे, सोबत ती दहा कलमंही, मुलीकडून मराठी करून घेऊन.

आपल्याकडे मागणी एवढीच: पुढच्या रविवारी पुरवणीत चार ओळींची चौकट टाकून लिनेट वूडर्ड, ३,६४९ आणि पर्ल मूर, ४,०६१ असं छापा. वूडर्ड ३ मार्च २०२४ ला आयोवाच्या मैदानावर क्लार्कचा सामना बघायला जातीने आल्या होत्या, ज्या सामन्यात क्लार्कने मुलांमधला विक्रमवीर पीट मॅराविच याचे ३,६६७ ओलांडले. जागा उरली तर खाली ग्रँटबाईंचं नावही घ्या, स्पेलिंगसाठी हवं तर मला फोन करा, दुपारी दोननंतर.

आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालिका,
कराड